एम.सी.ए.च्या प्रवेशापूर्वी घरचे एक वर्ष

अहिल्यानगरच्या आडते बाजारात, कापड बाजारात किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात बी.कॉम. होऊन पेढीवर बसलेले तरुण थोडे नाहीत. पाच-सहा वर्षे व्यापार सांभाळल्यावर त्यांतील काहींना पुन्हा शिकावेसे वाटते. विवाहानंतर संसार मार्गी लागलेल्या सुनांच्या मनातही ती इच्छा असते. अशा वेळी एम.सी.ए.चा पर्याय पुढे येतो. विचार स्तुत्य आहे. मात्र अर्ज भरण्याआधी एक तयारी अगत्याची आहे.

एम.सी.ए. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पाया घालण्यास मिळणारा अवधी त्यामुळे आटला. शेजारच्या बाकावर संगणकशास्त्राचा पदवीधर असतो आणि वर्ग त्याच्या गतीने पुढे जातो. म्हणून कमी झालेले ते वर्ष घरीच भरून काढावे आणि निदान एक प्रोग्रॅमिंग भाषा स्वतः शिकूनच महाविद्यालयाची पायरी चढावी.

आरंभासाठी पायथन सोयीची. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि तिची वाक्यरचना सुटसुटीत आहे. शिकण्याची साधनेही घरबसल्या उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमातील अनेक छोटे पाठ मराठी निवेदनासह आहेत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठावरील अभ्यास विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र परीक्षा व शुल्क आहे.

तथापि, पाठ पाहिले म्हणजे भाषा आली असे नव्हे. पेढीवरचाच हिशेब प्रोग्रॅममध्ये उतरवावा. कांद्याची पट्टी घ्या. १,२४७ किलो माल, भाव क्विंटलला १,८५० रुपये. रक्कम २३,०६९ रुपये ५० पैसे. त्यातून हमाली, तोलाई वजा करून निव्वळ देणे काढावयाचे. प्रथम एक पट्टी, मग दिवसभराच्या पट्ट्या, नंतर रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज. या क्रमाने भाषेची बहुतेक प्राथमिक अंगे आपोआप हाताखालून जातात.

येथे एक गंमत व्यापाऱ्याच्या ध्यानी येईल. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर उत्तर नेमके ०.३ येत नाही. सतराव्या दशांश स्थानी ४ हा आकडा उगवतो. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ चे शेपूट संपत नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ ची तीच गत होते. जमा-नावे पैशापर्यंत जुळवणाऱ्या पेढीला हे चालणारे नाही. उपाय सोपा आहे: रुपयांऐवजी सर्व रकमा पूर्णांक पैशांत ठेवाव्यात, अथवा पायथनमधील 'डेसिमल' ही सोय वापरावी. असा धडा स्वतःच्या हिशेबात सापडला की जन्मभर विसरत नाही. शिवाय तेरीज जुळते की नाही, हीच प्रोग्रॅमची पहिली परीक्षा ठरते.

रोज पेढी उघडण्यापूर्वी एक तास, असे वर्षभर नेमाने बसावे. झालेल्या चुका व त्यांची कारणे वहीत नोंदवावीत. वर्षाअखेर कोऱ्या पडद्यावर, कोठेही न पाहता, पट्टी ते तेरीज लिहिता आली आणि प्रत्येक ओळीचे प्रयोजन सांगता आले, तर प्रवेश परीक्षेकडे वळावे. बारावीला वा पदवीला गणित असण्याविषयी त्या वर्षीचा नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत आधीच पाहावा.

वर्षभरात गोडी लागली नाही, तर तेही वेळीच कळलेले बरे. दोन वर्षांचे शुल्क आणि पेढीवरचा एक हात, दोन्ही वाचतात. शिकलेला हिशेबाचा प्रोग्रॅम तर दुकानाच्या उपयोगी पडतोच. वडीलधाऱ्यांनी मात्र एवढे पाहावे, की त्या एका तासात मुलाला गोदामाकडे आणि सुनेला स्वयंपाकघराकडे हाक मारली जाणार नाही.