कायक, नोकरी आणि बलुते : अर्थपूर्ण जगण्याचा एक तौलनिक विचार

अर्थपूर्ण जगण्यासाठी नोकरी आवश्यक आहे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच तौलनिक साहित्याचाही आहे. कारण 'काम' आणि 'नोकरी' या कल्पना भारतीय साहित्यात भिन्न वाटांनी आल्या आहेत. 'नोकरी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. वेतन घेऊन केलेली धन्याची सेवा हा त्याचा मूळ आशय होय. कामाला धनी असावाच लागतो असे नाही. नोकरीला तो असावा लागतो. हा भेद ध्यानात ठेवून कन्नड, मराठी व बंगाली परंपरांतील काही उदाहरणांचा येथे विचार करावयाचा आहे.

बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी 'कायक' ही संकल्पना मांडली. उपजीविकेसाठी प्रामाणिकपणे केलेले काम हीच उपासना, असा तिचा आशय आहे. सांडलेले तांदूळ वेचणारा आय्दक्की मारय्य एकदा गरजेपेक्षा अधिक तांदूळ घरी आणतो, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा त्याला ते परत करावयास लावते. येथे कामाचा अर्थ मिळकतीत नाही, तर तिच्या मर्यादेत आहे. मराठीत सावता माळी यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला. मात्र स्वतः बसवेश्वर बिज्जळाच्या राजसेवेत होते, हे विसरता येत नाही. कायकाला नोकरी वर्ज्य नव्हती. नोकरीवाचून जगणे निरर्थक ठरते, हे मात्र त्या विचाराला मान्य झाले नसते.

आधुनिक काळात शिक्षणाचे फलित म्हणजे नोकरी, हे समीकरण रूढ झाले आणि बेकार सुशिक्षित तरुण साहित्याचा नायक झाला. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (1963) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील शिक्षणात अपयशी होऊन गावी परततो. सुनील गंगोपाध्याय यांच्या 'प्रतिद्वंद्वी' या कादंबरीवर सत्यजित राय यांनी 1970 मध्ये चित्रपट केला. त्यातील सिद्धार्थ मुलाखतींमागून मुलाखती देतो आणि अखेर कलकत्ता सोडून दूरच्या गावी औषधविक्रेत्याची नोकरी पत्करतो. एकाला नोकरी नाही, दुसऱ्याला ती मिळते. पण अर्थ दोघांच्याही हाती पुरता लागत नाही. तरीही त्यांची स्थिती समान नाही. सांगवीकराला परतण्यासाठी वडिलांचे घर आणि शेती आहे. सिद्धार्थाचे वडील वारले आहेत. नोकरीच्या निरर्थकतेचे चिंतन कोणाला परवडते, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर रूप दलित साहित्यात दिसते. दया पवार यांच्या 'बलुतं' (1978) या आत्मकथनाचे शीर्षकच जन्माने लादलेल्या कामाचा आणि त्याच्या मोबदल्याचा निर्देश करते. शरणांनी कामातील उच्चनीचता नाकारली होती. गावगाड्यात मात्र काम जातीनेच ठरत राहिले. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ मोडण्याचा हेतू होता. अशा माणसासाठी शहरातील नोकरी ही धन्याची सेवा असली, तरी ती गावाच्या सेवेतून झालेली सुटका होती. अर्थात ती सुटकाही अपुरी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद असे. कारण कांडीवरचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होईल, असे सवर्ण कामगार मानीत.

या तिन्ही परंपरा एकत्र वाचल्या असता असे दिसते की, अर्थपूर्ण जगण्याला नोकरी अपरिहार्य नाही. परंतु काम निवडण्याचे आणि नाकारण्याचे स्वातंत्र्य अपरिहार्य आहे. ज्याला ते वारशाने मिळाले, त्याला नोकरी बंधन वाटते. ज्याला ते कधीच नव्हते, त्याला तीच त्या स्वातंत्र्याची पहिली पायरी वाटते. म्हणून कायकाचा गौरव करताना ते काम कोणी निवडले होते, हे विचारल्याशिवाय अभ्यासकाने पुढे जाऊ नये.