डाग कुणाचा, बोल कुणाला?

रात्रीचे साडेदहा. 2024 चा जून. हिंजवडीतून निघायला नेहमीसारखाच उशीर झालेला आणि बायपासला लागते न लागते तोच पाऊस सुरू. सीझनचा पहिलावहिला, धो धो! एफएमवर गाणी, खिडकीच्या फटीतून मातीचा वास... मूड एकदम सॉलिड. वारज्याला सर्व्हिस रोडवर उतरले, समोरून एका टेम्पोचे हेडलाइट आले आणि माझ्यासमोरची काच पांढरी झाली. हो, पांढरीच! कुणीतरी दुधाचा हात फिरवल्यासारखी. वायपर फुल स्पीडला होता, तरी रस्ता दिसेना. टेम्पो पुढे गेला, तेव्हा बॉनेटपासून चार हातांवर एक माणूस दिसला. सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता.

ब्रेक लागला. गाडी थांबली. तोही थांबला, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण अंदाज आहे. घरी पोचेपर्यंत माझे पाय थरथरत होते.

रात्रभर डोक्यात एकच. काच का दिसेना? माझी गाडी तर रोज धुतली जाते! सोसायटीत पहाटे सहाला एक काका येतात. बादली, फडकं आणि बावीस गाड्या. महिन्याला पाचशे रुपये आपण मोजतो, ते कशाचे?

सकाळी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका धरून काच बघितली. अख्ख्या काचेवर पांढरे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला गोल किनार. मग काय, सुटलेच मी. "काका, नुसतं फडकं मारता का हो? काल माणूस गेला असता माझ्या गाडीखाली!" काका गप्प. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मी लिफ्टमध्ये शिरता शिरता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लंबाचौडा मेसेज टाकला, फोटोसकट. दुपारपर्यंत सात अंगठे आले आणि सेक्रेटरींचं उत्तर : एक तारखेपासून दुसरा माणूस बघू.

संध्याकाळी काका गेटजवळ भेटले. हातात तीच बादली. "मॅडम, रागावणार नसाल तर एक दाखवू?" बादलीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, पांढरा जाड थर होता. "सोसायटीचं पाणी टँकरचं. सगळ्याच गाड्यांना थोडं पांढरं येतं. पण तुमच्या काचेला सगळ्यात जास्त. कारण तुमची गाडी मी तुमच्या कॅनच्या पाण्याने धुतो."

माझा कॅन! आता सांगायलाच हवं. आमच्या किचनमधल्या आरओ फिल्टरमधून जे पाणी बाहेर पडतं, ते मी वीस लिटरच्या कॅनमध्ये साठवते आणि रोज सकाळी खाली देते. 'पाणी वाचवा' म्हणून. ऑफिसात मी हे चार जणांना अभिमानाने सांगितलेलंही आहे. आणि आरओ करतो काय? पाण्यातले क्षार गाळून शुद्ध पाणी आपल्या ग्लासात टाकतो आणि उरलेले क्षार त्या बाहेरच्या पाण्यात सोडतो. म्हणजे आधीच जड असलेलं टँकरचं पाणी आणखी जड करून मी ते गाडीवर ओतायला लावत होते. दोन वर्षं!

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

ठिपका येतो कुठून?

पुण्याखालचा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं. बोअरचं पाणी जड असतं ते यामुळेच, आणि टँकरही बऱ्याचदा बोअर-विहिरीवरच भरतात. गीझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो, तोच हा. थेंब काचेवर राहतो, उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थेंब.

दिवसा हे कळतच नाही, कारण बाहेर भरपूर उजेड असतो आणि आपली नजर ठिपक्यांपलीकडे जाते. रात्री मात्र समोरचा हेडलाइट थेट त्या ठिपक्यांवर आदळतो, प्रत्येक ठिपका प्रकाश इकडेतिकडे फेकतो आणि अख्खी काच पेटल्यासारखी होते. त्यात पहिला पाऊस! रस्त्यावरचं उन्हाळाभराचं तेल-काजळी उडून काचेवर येते आणि उन्हाने कडक झालेलं वायपरचं रबर ती छान सारवून ठेवतं.

नाना पेठेतली शिकवणी

रविवारी गाडी घेऊन नाना पेठेत एका काचवाल्याकडे गेले. त्याने काच पुसली नाही, आधी डोळे बारीक करून बघितली, मग नख फिरवलं. "मॅडम, डाग कशाचा आहे ते आधी ओळखायचं. मग हात लावायचा. लोक उलटं करतात."

त्याने टिश्यू पेपर व्हिनेगर आणि पाण्यात भिजवून काचेवर चिकटवला. दहा मिनिटं. सावलीत, गार काचेवर. क्षाराला आंबट लागलं की तो विरघळतो, नीट बघितलं तर बारीक बुडबुडेही दिसतात. (व्हिनेगर नसेल तर स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व पाण्यात घोळून चालतं.) पेपर काढून साध्या पाण्याने काच धुतली, कोरडी केली. ऐंशी टक्के ठिपके गायब!

उरलेले? ते आता डाग राहिले नव्हते. क्षार महिनोन् महिने बसून राहिले की काचेचा पृष्ठभागच खातात. तिथे ना व्हिनेगर चालत, ना साबण. मग लागतं सिरियम ऑक्साइड. चष्म्याच्या भिंगांना पॉलिश करायला वापरतात तीच पावडर. पाण्यात कालवून, मऊ पॅडने, हलक्या हाताने. एकाच जागी दाबून घासलं तर काचेला लहर येते आणि समोरचा रस्ता वाकडा दिसायला लागतो. आणि नख अडकेल एवढा खोल ओरखडा असेल तर पॉलिशच्या नादी लागू नका, काच बदला.

आणि हो, टॉयलेट क्लीनर काचेवर ओतणारे महाभागही त्याने पाहिलेत म्हणे. त्यातलं अॅसिड रंग, क्रोम सगळ्याचीच वाट लावतं. बिलकुल नको!

चिकट मंडळी

माझी गाडी 2011 ची, सेकंडहँड. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मला बंदी घातली, तेव्हा आधीच्या मालकाने फिल्म ओरबाडून काढली असणार, कारण मागच्या दारांच्या काचांवर गोंदाचे नकाशे तसेच होते. शिवाय विंडशील्डवर जुन्या फास्टॅगचा चौकोन. गोंदाला व्हिनेगर दाखवून काही उपयोग नाही, त्याला तेल लागतं. हेअर ड्रायरने जरा गरम करायचं, खोबरेल तेल चोळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. मग साबणाचं पाणी, नाहीतर गोंद गेला आणि तेल राहिलं असं व्हायचं. एक सावधगिरी : मागच्या काचेला आतून ज्या बारीक तपकिरी रेघा असतात, त्या हीटरच्या तारा. तिथे ब्लेड फिरवलंत तर डीफॉगर गेलाच म्हणून समजा.

आंब्याखाली पार्क करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. मोहोराच्या दिवसांत काचेवर जो मधासारखा चिकटा पडतो, तो झाडाचा नव्हे, तुडतुड्यांचा. तो गोड असतो, त्यामुळे कोमट साबणपाण्याने सुटतो. फक्त त्यावर धूळ बसायच्या आत पुसायचा. पक्ष्यांचा प्रसाद? ओला रुमाल पाच मिनिटं ठेवायचा, मग उचलायचा. घासायचा नाही. दसऱ्याचं हळद-कुंकूही तसंच, आधी भिजवा.

आतली बाजू

सगळं करून झालं तरी काच जरा धूसरच होती. काचवाला हसला. "आतून कधी पुसली होती?" ...कधीच नाही! उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून वाफा निघतात आणि काचेवर बसतात. त्यात डॅशबोर्ड चकचकीत करायचं पॉलिश, समोरच्या गणपतीची उदबत्ती आणि कुणाकुणाची सिगरेट. हा थर बोट फिरवल्याशिवाय दिसत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं, स्वच्छ मायक्रोफायबर कापड, आधी उभं, मग आडवं. ज्या फडक्याने डॅशबोर्ड पुसता, ते काचेला लावायचं नाही. बस्स, एवढंच.

झटपट टिप्स

- कोरड्या काचेवर कोरडं फडकं कधीच नाही. धुळीतले वाळूचे कण काचेपेक्षा कठीण असतात, आधी पाणी मारून धूळ उतरवा.
- पाणी कुठलंही असो, ते काचेवर वाळू देऊ नका. डाग पाण्यापेक्षा वाळण्याने पडतो.
- आरओचं पाणी फरशीला, फ्लशला बेस्ट. काचेला नाही.
- वायपरचं रबर दर पावसाळ्याआधी तपासा. कडक झालं, चिरलं की बदला.
- भर पावसात वायपर बंद पडला तर जुने ट्रक ड्रायव्हर काचेवर तंबाखूची चिमूट चोळतात. थेंबांचा सपाट पडदा होतो आणि थोडं दिसतं. पण तेवढं करून गॅरेज गाठा, घर नव्हे!

आणि काकांचं काय?

रविवारी रात्री ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. हा लिहायला पहिल्यापेक्षा चौपट वेळ लागला. 'चूक काकांची नाही, माझ्या कॅनची आहे. कृपया त्यांना काढू नका.' अर्धा तास कुणीच काही बोललं नाही. पहिल्या मेसेजला सात अंगठे होते, याला दोन आले. त्यातला एक माझ्याच नवऱ्याचा! शेवटी सेक्रेटरींना घरी जाऊन भेटले, बादलीतला तो थर दाखवला, तेव्हा कुठे एक तारीख टळली.

सोमवारी पहाटे सहाला उठून खाली गेले. "सॉरी काका," म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या मॅडम, तुमचं चारचौघांना पटलं असतं, माझं कुणी ऐकलं नसतं." हे ते रागाने म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. दोन वर्षं ते थर बघत होते आणि मी रोज कॅन हातात देऊन 'थँक्यू काका' म्हणत वर जात होते. एकदाही विचारलं नव्हतं.

आता आमची वाटणी झाली आहे. काच बाहेरून काकांची, धुतल्या धुतल्या मी आणलेल्या मायक्रोफायबरने कोरडी करायची. आतून माझी, दर रविवारी. त्यानंतरच्या पावसाळ्यात, 2025 मध्ये, त्याच सर्व्हिस रोडवर रात्री परत टेम्पो आला. हेडलाइट दोनच दिसले. रस्ताही दिसला.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू सकाळी हसत हसत खाली आले. हातात वीस लिटरचा कॅन. "काका, आरओचं पाणी आहे, वाया घालवू नका हं!" काकांनी फडकं पिळलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"