कोऱ्या लॅपटॉपवरची परीक्षा

विंडोजवर पायथन चढवताना पहिल्याच खिडकीत तळाशी एक चौकोन असतो: 'ॲड टू पाथ'. तिथे खूण आधीपासून नसते. ती करायची राहिली, की पुढे 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन दुकान उघडतं आणि नवख्या पोराला वाटतं, लॅपटॉपच बिघडला. देगलूरात घरून काम करणाऱ्या ज्या दोन-चार पोरांजवळ मी बसलो, त्यांच्या सेटअपच्या नोट्समध्ये पहिली ओळ या चौकोनाची.

दुसरी ओळ पॉवरशेलची. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट सुरू करायला गेलं, की 'स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे' अशा अर्थाची लाल अक्षरं येतात. इलाज एका ओळीचा. पण कुठूनतरी उचललेला इलाज सगळी कुलपं एकदम काढून टाकतो. नोटमध्ये फक्त आपल्या खात्यापुरती, 'रिमोट साइन्ड' एवढीच सूट दिलेली होती. शेजारी कारणही लिहिलेलं. मला ती नोट तिथेच आवडली.

नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तेलंगणाच्या हद्दीजवळचं हे गाव. नेट बहुतेकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. त्यामुळे स्निपेट, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, लिंकवरून येतो, पण जड पॅकेजं पेनड्राइव्हवरून फिरतात. एकजण 'पिप डाउनलोड'नं सगळी एका फोल्डरात उतरवतो, बाकीचे नेट न लावता तिथूनच चढवतात. अट एकच: पायथनची आवृत्ती आणि विंडोज दोन्हीकडे जुळायला हवं, नाहीतर फोल्डर भरलेला असूनही 'जुळणारं काही सापडलं नाही' असं उत्तर. म्हणून फोल्डरच्या नावातच आवृत्ती लिहायची.

नोट वर्डमध्ये लिहायची नाही, हाही इथला दंडक. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपणहून वाकडी करतो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पायथन मात्र ओळ नाकारतो. साधं नोटपॅड बरं. आणि मोबाईलनं काढलेला एररचा फोटो तर कुणी पाठवूच नये. त्यातलं अक्षर सरळ कॉपी होत नाही, सहा महिन्यांनी शोधलं तर सहज सापडतही नाही.

बाहेर सहज न मिळणारे स्निपेट मराठी नावांचे. गावांची यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली, की नावांच्या जागी भलत्याच चिन्हांचा खच. फाइल साध्या 'यूटीएफ-८'ऐवजी 'यूटीएफ-८-सिग'मध्ये लिहायची. मग तिच्या डोक्यावर तीन बाइटची खूण बसते आणि एक्सेल देवनागरी ओळखतो. दुसरा स्निपेट 'कुऱ्हाडे'साठी. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी नुक्त्याच्या 'ऱ' या अक्षरानं, कुणी साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना मात्र एक कुऱ्हाडे दुसऱ्याला ओळख देत नाही. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन इथे कामाचं नाही. बदल हातानंच करावा लागतो आणि त्या चार ओळी पोरं जपून ठेवतात.

ठेवतात बहुधा गिटहबच्या गिस्टवर. २००८पासूनची ही सोय, प्रत्येक बदलाचा इतिहास राखणारी. 'सीक्रेट' गिस्ट मात्र खासगी नसतो. लिंक ज्याच्या हाती लागेल तो वाचतो. तेव्हा डेटाबेसचा पासवर्ड आधी काढायचा, मग चिकटवायचं. चुकून गेलाच, तर नुसता पुसून भागत नाही, कारण इतिहासात तो राहतो. पासवर्डच बदलायचा.

नोट तयार झाली, की ती लिहिणाऱ्यानं तपासायची नाही. त्याच्या लॅपटॉपवर सगळं आधीच बसलेलं असतं. परवा नुकतीच पदवी झालेली एक मुलगी कोरा लॅपटॉप घेऊन बसली होती. लिहिणारा शेजारीच, पण त्यानं तोंड उघडायचं नाही असं ठरलेलं. पाचव्या पायरीवर ती थांबली. "दादा, ही फाइल कुठल्या फोल्डरात ठेवायची?" तो बोलला नाही. तिचा कीबोर्ड ओढून त्यानं चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये एक ओळ घातली, आणि ती पुन्हा पहिल्या पायरीपासून लागली.