म्हातारा पुढचा टायर

दुचाकीची गोष्ट : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात साखळीबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेलो होतो, की साखळीची झीज मोजता येते, टायरचं तसं नाही. ते वाक्य अर्धवट होतं. टायरची झीजही मोजता येते. उरलेला टायर रस्ता किती धरेल, ते मात्र नक्षीकडे बघून कळत नाही. मला हे २०२२ च्या जूनमध्ये केळघर घाटात कळलं. मोसमातली पहिली सर नुकतीच पडून गेलेली, उतारावरचं डावं वळण, वेग तिशीच्या आत. पुढचा ब्रेक हलकेच दाबला आणि पुढचं चाक निघूनच गेलं. गुडघा सोलवटला, क्लचची दांडी वाकली, आरसा फुटला. एवढ्यावर निभावलं. उठून पहिल्यांदा टायर बघितला. नक्षी छान शाबूत होती, म्हणून दोष रस्त्याला देऊन टाकला.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या टायरवाल्यानं तो दोष परत माझ्या पदरात घातला. "साहेब, नख रोवून बघा," तो म्हणाला. नख रुतलं नाही. शेजारच्या नव्या टायरवर तेच नख उमटलं. मग त्यानं पुढच्या टायरच्या बाजूवरची माती अंगठ्यानं पुसली आणि लंबगोलात छापलेले चार आकडे दाखवले : २७१४. म्हणजे २०१४ सालातला सत्ताविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलाच टायर होता तो, आठ वर्षांना महिनाभर कमी. या काळात मागचा टायर मी दोनदा बदलला होता, कारण तो दोनदा गोटा झाला होता. पुढचा झिजतच नव्हता, त्याचं मला कौतुक होतं.

या कौतुकातच सगळी गफलत आहे. कशी, ते बघण्याआधी एक छोटा हिशेब करू. गाडी ११५ किलो आणि मी ७० किलो, मिळून १८५. टायरमधल्या हवेचा दाब ढोबळमानानं दर चौरस सेंटीमीटरला दोन किलो धरा. म्हणजे एवढं वजन पेलायला दोन्ही चाकांचा मिळून नव्वद-पंच्याण्णव चौरस सेंटीमीटर भाग रस्त्याला टेकलेला असणार. पोस्टाचं साधं कार्ड याहून मोठं असतं. त्या कार्डाएवढ्या रबरावर आपण वळतो, थांबतो, मागे बायको-पोराला बसवतो.

हे रबर रस्ता धरतं ते दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा चिकटण्याची. रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरी तऱ्हा रुतण्याची. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसला, तरी रबराच्या दृष्टीनं तो बारीक दगडांचा डोंगराळ मुलूख असतो. मऊ रबर त्या खडीच्या टोकांभोवती घुसतं. टोक पुढे सरकलं की ते लगेच मूळ जागी येत नाही, थोडं रेंगाळतं. या रेंगाळण्यात ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन जातो, आणि तेवढा विरोध घसरण्याला होतो. रबराचा चेंडू सोडलेल्या उंचीपर्यंत परत उसळत नाही, त्यामागचं कारणही हेच. रस्ता कोरडा असला की दोन्ही तऱ्हा कामाला येतात. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पापुद्रा मध्ये आला की चिकटणं जवळपास बंद होतं आणि भिस्त उरते रुतण्यावर. कडक झालेल्या टायरचं उन्हाळाभर काही बिघडत नाही, त्याचं पितळ उघडं पडतं ते जूनमध्ये.

मग सगळेच टायर मऊ का करत नाहीत? कारण जे रबर खडीत रुततं, तेच खडीवर सोललंही जातं. इथे कारखान्यातल्या मिश्रणाचा प्रश्न येतो. टायरच्या पृष्ठभागात नैसर्गिक रबर असतं, म्हणजे झाडाचा चीक. आपल्याकडे दोडामार्गच्या बाजूला गेलात तर नारळी-पोफळींच्या शेजारी या झाडांच्या बागा आणि खोडाला बांधलेल्या वाट्या दिसतील. त्यात दोन कृत्रिम रबरं मिसळतात. पॉलिब्युटाडाइन हे उसळतं, कमी तापतं आणि फारसं झिजत नाही. पण ओल्यात ते दगा देतं. स्टायरिन-ब्युटाडाइन हे त्याच्या उलट. त्यात स्टायरिनचं प्रमाण जास्त ठेवलं की ओली पकड वाढते आणि आयुष्य घटतं. हे सगळं गंधकानं बांधायचं, ही युक्ती चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडली. टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. ती रंगासाठी घातलेली नसते. तिच्यामुळे रबराची घासून जाण्याला टक्कर देण्याची ताकद कैक पटींनी वाढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे टायर पांढुरके असत आणि लवकर झिजत.

या ओढाताणीत खरी सुटका झाली ती सिलिकामुळे. वाळू ज्या पदार्थाची बनलेली असते, त्याचीच ही अतिशय बारीक पूड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिननं मोटारींच्या टायरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरली. तेव्हा ओली पकड वाढूनही टायर पूर्वीइतका टिकतो आणि कमी इंधन खातो, असं दिसलं. पुढे हे दुचाकीपर्यंत आलं. अर्थात सिलिकानं वाटाघाटीची जागा रुंदावली, वाटाघाट काही संपवली नाही.

दुसरी सुटका आकारात आहे. दुचाकी वळताना कलते, म्हणून टायरचा मधला पट्टा सरळ रस्त्यावर घासतो आणि कडा वळणावर. तेव्हा मध्ये कडक आणि कडांना मऊ असं दुहेरी रबर लावलेले टायर मिळतात. सरळ महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याचा मागचा टायर मधोमध चपटा होतो. मेकॅनिक म्हणतात, 'टायर चौकोनी झाला.' मग वळणावर गाडी आधी अडते आणि नंतर एकदम पडल्यासारखी कलते. अशांना दुहेरी रबर चांगलं मानवतं.

पण सर्वात मऊ ते सर्वात चांगलं, असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. तिथल्या गाड्यांचे टायर शंभरेक किलोमीटरच्या शर्यतीपुरतेच बनलेले असतात आणि सुरुवातीला ते विजेच्या पांघरुणात गुंडाळून तापवलेले असतात. ते रबर तापल्यावरच धरतं. असला टायर सकाळी सात वाजता पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर लावला, तर तो थंडच राहील आणि साध्या टायरहूनही कमी धरेल. महाविद्यालयीन पोरं रेसिंगचा म्हणून टायर हौसेनं घेतात, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. घरच्यांचं ते ऐकणार नाहीत, म्हणून इथे सांगतो.

आता पैशांकडे वळू, कारण दुकानात पहिला प्रश्न 'किती चालेल?' हाच असतो. मोटारीच्या टायरवर अमेरिकी पद्धतीनं 'ट्रेडवेअर'चा आकडा छापलेला असतो, २०० किंवा ४०० असा. त्यावरून तुलना तरी करता येते. मोटरसायकलच्या टायरसाठी तो आकडा नाही, म्हणून उत्तर दुकानदाराच्या अनुभवावरूनच मिळतं. उदाहरणादाखल धरू, की मागचा टिकाऊ टायर २,२०० रुपयांचा आहे आणि २८,००० किलोमीटर चालतो. मऊ टायर ३,००० रुपयांचा आहे आणि १५,००० चालतो. पहिला किलोमीटरला आठ पैसे पडतो, दुसरा वीस. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणाऱ्या गाडीला पेट्रोलच किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या पुढे लागतं. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याला मऊ टायरचा जादा भार बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला एका मिसळीचे पैसे.

पण पुण्यात दिवसाला शंभर किलोमीटर डबे-पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला हेच गणित वर्षाला सव्वाचार हजारांच्या वर जातं. शिवाय टायर बदलायला गेलेला वेळ म्हणजे बुडालेल्या फेऱ्या. 'जिवापेक्षा पैसा मोठा का?' असा प्रश्न त्याला विचारणं मला तरी बरं वाटत नाही. त्याच्यासाठी उत्तर आहे, आणि ते पुढच्या चाकात आहे.

जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं. चालताना पुढच्या चाकावर सुमारे पंचेचाळीस टक्के भार असतो, कचकचून थांबताना तो एकूण भाराच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश होतो. म्हणजे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा टायर करतो. साठच्या वेगानं जाणारी गाडी चांगल्या पकडीवर अठराएक मीटरमध्ये थांबत असेल, तर बेताच्या पकडीवर तिला अठ्ठावीस लागतात. या फरकात जवळपास एक एसटी मावते. घसरण्यातही दोघांत फरक आहे. मागचं चाक सरकलं तर बुडाखाली कळतं, सावरायला अर्धा क्षण मिळतो. पुढचं सरकलं की कळेपर्यंत माणूस रस्त्यावर असतो. एबीएस असलं तरी ते असलेली पकड पुरवून वापरतं, नसलेली कुठून आणणार?

आणि हाच टायर सर्वात हळू झिजतो, कारण इंजिनाची ओढ त्याच्यावर नसते. मऊ घेतला तरी तो तीसेक हजार किलोमीटर जाईल, टिकाऊ घेतला तर पंचेचाळीस. २,६०० विरुद्ध २,००० रुपये धरले, तर फरक किलोमीटरला चार पैशांचा. डबे पोचवणाऱ्या मुलालाही तो वर्षाला दीड हजाराच्या आसपास पडतो. म्हणून माझं मत असं : मागे हवी तेवढी काटकसर करा, पुढे करू नका. अट एवढीच, की दोन्ही टायर गाडीच्या पुस्तकातल्या मापाचे हवेत. शिवाय एक रेडियल आणि दुसरा साधा अशी जोडी मनानं जमवायची नाही.

आपण करतो नेमकं उलट. मागचा झिजतो, म्हणून तो नवा नवा येत राहतो. पुढचा झिजत नाही, म्हणून तो म्हातारा होत राहतो. ऊन, ऑक्सिजन आणि उष्णता मिळून रबरातले बंध वाढवत नेतात, त्यातलं तेल हळूहळू निघून जातं आणि टायर कडक होत जातो. गाडी रोज कचेरीबाहेर उन्हात उभी असेल तर हे लवकर होतं. दुकानातलं चकचकीत पॉलिश लावून हे लपतं, थांबत नाही. ते पॉलिश मधल्या पट्ट्याला लागलं तर घसरायला आणखी एक कारण मिळतं. पाच वर्षांनंतर पुढच्या टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि कडकपणा जाणवला तर नक्षीची दया न करता तो काढावा. नखाची परीक्षा ढोबळ आहे. थंडीत सगळीच रबरं कडक लागतात, म्हणून शेजारी नवा टायर ठेवून बघावी.

पावसाबद्दल दोन गोष्टी. नक्षीचं काम पाण्याला वाट करून देणं. नियमानं दुचाकीला ०.८ मिलिमीटर खोलीपर्यंत मुभा आहे. खाचेच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की ती हद्द आली असं समजायचं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं त्या हद्दीची वाट बघू नये. दोन मिलिमीटर उरली असतील तर मेमध्येच टायर बदलावा. 'दिवाळीपर्यंत ढकलू' हा विचार नेमका चुकीचे चार महिने निवडतो. दुसरी गोष्ट : रस्त्याची शेवाळलेली कड, गटाराचं लोखंडी झाकण, झेब्रा पट्ट्यांचा रंग, पहिल्या सरीनं वर आलेलं तेल, यांच्यापुढे कुठल्याच रबराचं फारसं चालत नाही. केळघरचा रस्ता त्या दिवशी पूर्ण निर्दोष होता असं मी म्हणत नाही.

हवेचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो पुढच्या आठवड्यात.

टायरवाल्यानं मला पुढे मऊ टायर बसवून दिला. मी त्याचे चार आकडे तपासले. तीन महिन्यांपूर्वीचा होता. गाडी बाहेर काढताना तो म्हणाला, "पहिलं शंभर-दीडशे किलोमीटर जरा जपून, साहेब. साच्याचं गुळगुळीत कातडं उतरंपर्यंत नवा टायरबी सटकतो." म्हणून दोन रविवार उगाचच कोरेगावच्या सरळ रस्त्यावर जाऊन आलो, आणि तिसऱ्या रविवारी केळघर चढलो.