दोरीचा साप, खरी सवय

आजचा विषय छोटा, पण पावसाळ्यात जिवाचा. आमच्या मार्गासनीत घर संपलं की भातखाचर सुरू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं पोरांना पाठ असतात. पण नावं पाठ असली म्हणून पाय थांबत नाहीत. त्यासाठी दोन खेळ.

पहिला: तिन्हीसांजेला अंगणात जुनी दोरी टाका, पोराच्या हातात बॅटरी द्या. दोरी दिसली की थांबायचं, मागे सरायचं, मोठ्यांना हाक मारायची. काठी उचलली की आउट!

दुसरा: एक पोर पेशंट. त्यानं हलायचं नाही, हालचालीनं विष लवकर पसरतं. दुसऱ्यानं त्याचं कडं, अंगठी काढायची, कारण सूज येते. तिसऱ्यानं बंद फोनवर 108 दाबून गावाचं नाव सांगायचं. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, सगळं फाउल. विषावर उतारा एकच, दवाखान्यातली सर्पदंशाची लस.

मण्यार बहुतेकदा रात्री चावते, फारसं दुखतही नाही. म्हणून पोर "काहीतरी चावलं" म्हणालं, तर आधी ओरडू नका. त्यानं लगेच सांगणं, हीच अर्धी लढाई.