पत्र्यावरचा चुना

होळी उलटून उन्हाला धार येऊ लागली की चाळीसगावच्या जुन्या वस्तीत पत्र्याच्या छपरांना चुना देण्याचे काम निघते, आणि धुळ्याकडे जाणाऱ्या रेल्वेफाट्याच्या बाजूला असलेल्या एका घरावर चढून ते काम मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. चुनकळी आदल्या दिवशीच पिंपात भिजत घातलेली होती. पाणी पडताच ती फसफसून उकळते, म्हणून ती निवेपर्यंत कारागीर पोरांना जवळ फिरकू देत नाही. मग चुना फडक्यातून गाळून, त्यात सरस मिसळून, घासून धुतलेल्या पत्र्यावर कुंचल्याने पहिला हात पातळ व तो वाळल्यावर दुसरा दाट द्यावयाचा, असा दस्तुर. धुळीवर दिलेला चुना पोपडे धरून निघून जातो.

भर दुपारी अर्धे छप्पर पांढरे व अर्धे उघडे असताना मी दोन्हींवर तळहात ठेवून पाहिला. चुन्यावर तो टेकवता आला. शेजारच्या उघड्या पत्र्यावर क्षणभरही ठेववेना. “पांढरं ऊन परत धाडतं, भाऊ,” असा कारागिराने खुलासा केला. तो यथार्थ आहे, परंतु अर्धाच आहे. कारण जी उष्णता आत शिरली, तिच्या निर्गमनाची तजवीज कोण करतो, हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो, आणि काळी वस्तू लवकर निवते व पांढरी उष्णता धरून ठेवते, हा सार्वत्रिक समज खरा असता, तर चुन्याचे छप्पर रात्री घरास जाचच देते.

त्याची शहानिशा घरीच होते. सारख्या मापाचे पत्र्याचे तीन डबे घेऊन एक लखलखीत ठेवला, दुसऱ्यास चिमणीची काजळी धरली, तिसऱ्यास चुना फासला, आणि तिन्हींत उकळते पाणी भरून, झाकणे लावून ते सावलीत ठेवले. काजळीचा व चुन्याचा डबा जवळजवळ बरोबरीने निवले; लखलखीत डब्यातील पाणी मात्र बराच वेळ कढत राहिले. जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने धातूच्या चौकोनी पात्राच्या निरनिराळ्या बाजूंवर अशीच परीक्षा करून 1804 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

सूर्याचे पृष्ठ सुमारे 5500 अंश सेल्सियस तप्त असल्यामुळे त्याच्या उष्णतेचा मोठा अंश दृश्य प्रकाशात व त्याच्या लगतच्या किरणांत येतो, आणि तेथे रंगाचा अंमल चालतो. परंतु 60-70 अंशांचे छप्पर ज्या अदृश्य लहरींनी उष्णता उत्सर्जित करते, त्या दृश्य प्रकाशाच्या लहरींहून पंधरा-वीस पट लांब असतात, आणि त्यांच्या दृष्टीने काजळी व चुना दोन्ही काळेच. ज्या लहरी पदार्थ उत्तम शोषतो त्याच तो उत्तम उत्सर्जितो, हा नियम किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाने 1859 मध्ये मांडला. उत्सर्जनात कृपण असतो तो धातूचा उघडा चकचकीत पृष्ठभाग. म्हणूनच नवा कोरा पत्रा पुष्कळ ऊन परतवूनही तापतो: शिरलेली उष्णता त्याला सहजी टाकता येत नाही. चुना मात्र दिवसा ऊन परतवतो आणि रात्री खानदेशच्या निरभ्र आकाशाकडे काजळीइतक्याच मोकळेपणाने उष्णता सोडतो. इतक्या अल्प खर्चात ही दोन्ही कामे करणारा दुसरा लेप मला ठाऊक नाही.

तेव्हा पत्रा नवा व चकाकता आहे म्हणून चुना टाळू नये, आणि वैशाखात त्यावर धूळ साचून तो मळकट झाला की एक हात पुन्हा द्यावा.