जुन्या बसचे मोजता येणारे छायाचित्र

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी एसटीची पहिली बस धावली. ती बेडफर्ड कंपनीची होती, वर लाकडी सांगाडा, आत काथ्याची आसने. नंतर अॅल्युमिनियमचे आणि अलीकडे पोलादी सांगाडे आले. घुग्घुसच्या विद्यार्थ्याला यातली लाकडी बस कोठे पाहायला मिळणार? मुंबईत बेस्टने १९८४ साली कुर्ला आगारात संग्रहालय सुरू केले आणि १९९३ मध्ये ते आणिक आगारात हलवले. त्यात प्रामुख्याने ट्राम-बसच्या प्रतिकृती, तिकिटे, तिकिटांची यंत्रे अशा वस्तू जमवल्या गेल्या. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली ट्राम बंद झाली. तिची प्रतिकृती करायची तर मापे लागतात, आणि वाहन मोडीत गेल्यावर ती बहुधा छायाचित्रांतूनच काढावी लागतात.

आता तर घाईच आहे. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते. एसटीच्या बसही त्यात येतात. तेव्हा आपल्या बसस्थानकावरची लाल बस हीच उद्याची संग्रहालयातली वस्तू. तिचे छायाचित्र केवळ सुंदर नव्हे, मोजता येईल असे कसे घ्यावे?

बहुतेक जण समोरच्या कोपऱ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. समजा बस १० मीटर लांब आहे आणि जवळचा कोपरा आपल्यापासून ५ मीटरवर आहे. मग मागचे टोक सुमारे १५ मीटरवर पडते. प्रतिमेचा आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून पुढची बाजू मागच्यापेक्षा तिप्पट उंच दिसेल! तीच बस ३० मीटरवरून पाहिली तर अंतरे ३० आणि ४० मीटर होतात आणि फरक सव्वापटीहून थोडाच जास्त उरतो. दोष भिंगाचा नसतो, तो आपण उभे कोठे राहतो याचा असतो. संग्रहालयाच्या दालनात मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे तिथली वाहने फोटोत नेहमी फुगलेली दिसतात.

मापासाठी बसच्या बरोबर बाजूला, तिच्या मध्यासमोर, सुमारे २० मीटरवर उभे राहावे. कॅमेऱ्याची पाठ बसच्या बाजूला समांतर हवी. तसे असल्यास त्या बाजूवरील सर्व लांबी एकाच प्रमाणात लहान होतात. समांतर आहे की नाही, हे बसच सांगते. पुढचे आणि मागचे टायर सारख्याच मापाचे असतात, फोटोत त्यांची उंची सारखी भरली की झाले.

बसच्या पत्र्याला टेकवून ४ मीटरचा, रंगाने खुणा केलेला बांबू आडवा धरावा. छापील फोटोत तो १६० मिलिमीटर भरला आणि दोन्ही आसांमधले अंतर २२२ मिलिमीटर भरले, तर खरे अंतर २२२ × ४ ÷ १६० म्हणजे ५.५५ मीटर. बांबूऐवजी मीटरपट्टी का नको? ती फोटोत ४० मिलिमीटरच भरेल. पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर ती सव्वा टक्का होते, म्हणजे इथे ७ सेंटिमीटर. बांबूच्या बाबतीत तीच चूक पावणेदोन सेंटिमीटरची. आणि बांबू बसपासून एक मीटर पुढे धरला, तर तो वीस-एकोणिसांश पट मोठा दिसतो आणि आसांमधले अंतर सुमारे २८ सेंटिमीटर कमी निघते. विद्यार्थ्यांनी मुद्दाम दोन्ही रीतींनी मोजून पाहावे. त्रुटींचा धडा फळ्यापेक्षा इथे लवकर कळतो.

दुसरी अडचण काचेवरच्या चकाकीची. आत बाके कशी आहेत ते दिसतच नाही. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर लंबाशी ५६ अंशांनी परावर्तित होणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो. ध्रुवक काचांचा चश्मा मोबाइलच्या भिंगासमोर धरून तो अडवता येतो. पण गंमत अशी, की हे चश्मे रस्त्यावरची किंवा पाण्यावरची चकाकी अडवण्यासाठी, म्हणजे आडवी कंपने अडवण्यासाठी, बनवलेले असतात. खिडकीची काच उभी असल्याने चश्माही ९० अंशांत फिरवून उभा धरावा लागतो. रंगाच्या थरावरची चकाकी अशीच जाते. उघड्या धातूच्या मुलाम्यावरची मात्र जात नाही, कारण धातूवरून होणारे परावर्तन या नियमाने ध्रुवित होत नाही. घुग्घुसला कोळसा आणि सिमेंटची धूळ काचेवर बसतेच. तिने विखुरलेल्या प्रकाशावर ध्रुवकाचा फारसा इलाज चालत नाही, तिथे ओले फडकेच कामाचे.

५६ अंशांचा फोटो तिरका आणि मापाचा फोटो समोरून, तेव्हा ही दोन्ही कामे एका छायाचित्रात होत नाहीत. दोन वेगळे काढावेत. प्रत्येकामागे तारीख, स्थळ, बसचा क्रमांक, बसपासूनचे अंतर आणि बांबूची लांबी लिहावी. आगारात शिरण्यापूर्वी आगारप्रमुखांची परवानगी घ्यावी आणि चालक-वाहकांना बसचे वय विचारावे.